कॅरमबोर्डाआडचा फासा

"मोरूदादा, कॅरमबोर्ड आज भिंतीलाच राहू दे," वृषाली म्हणाली, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बोर्ड उचलायला मी वाकलोच होतो. अकरा वर्षांचा रिवाज होता आमचा. रविवारी सकाळी साडेनऊला मुनीरच्या कारखान्याच्या माडीवर जमायचं, सतारीसाठी वाळत टांगलेल्या भोपळ्यांखाली सतरंजी पसरायची आणि कॅरमबोर्ड माझ्यापुढे उभा करायचा. बोर्डाच्या अलीकडे मी, पलीकडे बाकीचे. त्या बोर्डावर कॅरम मात्र कुणी कधी खेळलं नाही. तो आमचा आडोसा होता.

खेळ आमचा गोष्टीचा. पुण्यात लॅबचा कोर्स करत होतो तेव्हा फुटपाथवर मला एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सचं बाड मिळालं होतं, त्यातून हे वेड मिरजेत आलं. एकाने गोष्ट सांगायची, किल्ले, भुयारं, राक्षस, काय वाटेल ते. बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. पुलावर पहारेकरी उभा आहे, काय करतोस, असं मी विचारणार. पलीकडचा म्हणणार, बाण मारतो. बाण लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. गोष्ट सांगणारा मी, म्हणून मला कथेकरी म्हणत. आणि शत्रूचा फासा कथेकऱ्याने आडोशामागे टाकायचा, आकडा फक्त तोंडाने सांगायचा, असा आमचा जुना नियम. पलीकडच्यांनी त्याच्या शब्दावर विसंबायचं.

आधी पाच जण होतो. दोघं नोकरीपायी पुण्याला गेले आणि राहिलो तिघं. मुनीर हा शाळेत माझ्या बाकावरचा. सतारी, तानपुरे करायचा. तारेखालची घोडी कानसेने घासून घासून आवाज मोकळा करायचा, त्याला जवारी म्हणतात, आणि त्याच्या जवारीसाठी लांबून लांबून गवई यायचे. वृषाली मगदूम चित्रकलेची शिक्षिका, आमच्या गोष्टीतले नकाशे तीच रंगवायची. अंगात उत्साह इतका की शाळेच्या गॅदरिंगला सगळे थकून बसले तरी हिचं आपलं तोरण बांधणं चालूच. आणि मी मोरेश्वर दीक्षित, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचपट्ट्या तपासणारा. माणूस संशयी. हे मी कौतुकाने नाही सांगत. वीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की चांगल्या पेशीकडेही आपण वाकड्या नजरेने बघायला लागतो.

तर त्या रविवारी, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, वृषालीच्या मांडीवर एक जाडजूड पुस्तक होतं. खाकी कव्हर घातलेलं, कडेने रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. नवी पद्धत आहे, म्हणाली. भाच्याने बंगलोरहून पाठवली. तिने आमच्या तिघांसाठी मराठीतून तक्तेसुद्धा केले होते, स्केचपेनने वेलबुट्टी काढून. नाव, हत्यार, जखमा, आणि सगळ्यात खाली एक चौकट, 'पुरं करायचं राहिलेलं काम.' या पद्धतीत म्हणे प्रत्येकाने ते आधीच लिहून ठेवायचं. ती पानं उलटून दाखवत होती, हे बघ, ते बघ, आणि मी मान डोलवत होतो.

"आणि मुख्य म्हणजे," ती म्हणाली, "ह्यात कथेकरी फासा टाकतच नाही. सगळे फासे आम्हीच टाकायचे, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत."

हे मला चालणार नव्हतं. का ते सांगून टाकतो, उगाच कोड्यात बोलत नाही.

जून महिन्यात मुनीरच्या पोटातल्या गाठीचा तुकडा आमच्या लॅबमध्ये आला होता. काचपट्टी मीच केली. डॉक्टरांनी सही करायच्या आधीच मला कळलं होतं की कॅन्सर आहे, आणि ते बाहेर पसरलेलं आहे हे पुढच्या तपासण्यांत निघालं. ऑपरेशनात अर्थ नव्हता. त्याची बायको, शमशादभाभी, माझ्या लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आणि त्यांच्या भावाने ठरवलं होतं की मुनीरला सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं, गोळ्या द्यायच्या. हातातली कानस गळून पडेल त्यांच्या, म्हणाल्या. मी माझ्या लेकीची शपथ घेतली की माझ्या तोंडून शब्द जाणार नाही.

तोंडून गेला नाही. पण गोष्टीत मुनीर होता दिलावर नावाचा तिरंदाज, अकरा वर्षं तोच. आणि त्या जूनपासून माझ्या हातून दिलावरला मारवेना. बोर्डाआड फासा पडायचा एकोणीस, मी सांगायचो सहा. साप चावायचा तो बुटाला, दरड कोसळायची ती दोन हात मागे. चार वेळा तरी तो मरायला हवा होता. मी शास्त्र शिकलेला माणूस, घरात मांजर आडवं गेलं तर हसणारा. तरी माझ्या मनाने घेतलं होतं की हा तिरंदाज चालतोय तोवर माडीखालची कानसही चालणार. बायकोलाही हे सांगायची लाज वाटली असती मला.

आता फासे उघड्यावर पडणार म्हटल्यावर दिलावरला वाचवणार कोण?

मी कारणं काढायला लागलो. इंग्रजी अवघड आहे. मला आधी सगळं वाचावं लागेल. चालू गोष्ट अर्धवट कशी टाकायची, संक्रांतीनंतर बघू. वृषालीचा चेहरा उतरला, पण मुनीर म्हणाला, "संक्रांतीनंतर कशाला? आजच करू."

हे ऐकून मी चमकलो. हा मुनीर अकरा वर्षांत एक नियम वाचेल तर शपथ. तू सांग रे, मी मारतो, एवढंच त्याचं धोरण. आणि आज तो वृषालीच्या हातून पुस्तक घेऊन म्हणतो, जखमांचं प्रकरण चांगलं आहे, पाठलागाचं तर फारच छान, कोसळणाऱ्या पुलाचा नियम बघ. बोलता बोलता बरोबर ते पान काढलं त्याने. त्या पानावर पेन्सिलच्या खुणा होत्या. वृषाली पेन्सिल वापरत नाही, ती रंगीत चिठ्ठ्या लावते. पेन्सिल कानावर खोचून हिंडणारा माणूस माझ्यासमोर बसला होता.

मी पुस्तक चाळायला मागितलं. चाळलं कुठलं, कव्हर तपासलं. पार्सलचाच कागद उलटा करून घातला होता, आणि आतल्या घडीत पत्त्याची चिठ्ठी अर्धी फाटून राहिली होती. त्यावर मुनीरच्या गल्लीचं नाव होतं आणि कारखान्याचा फोन नंबर.

म्हणजे भाचा नाही आणि बंगलोर नाही. पुस्तक मागवलं होतं मुनीरने, आणि पुढे केलं होतं वृषालीला. मग माझं डोकं चक्रासारखं फिरायला लागलं. ह्यांचं काय शिजतंय? मी आकडे फिरवतो हे वृषालीला कळलं असेल का? गोष्टीतल्या तिच्या मांत्रिकिणीला मी चार महिन्यांत दोनदा जखमी केलं होतं, सगळं पक्षपाताचं वाटलं असणार. का तिला स्वतःला कथेकरी व्हायचंय? का भाभीच कुठे बोलल्या? मी वृषालीला सहज विचारलं, भाचा काय करतो गं बंगलोरला? ती म्हणाली, कंप्युटर, आणि मान खाली घालून स्केचपेनची टोपणं लावायला लागली. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं अशीच टोपणं लावतात.

शेवटी दोन विरुद्ध एक झालं. तक्ते भरायचे ठरले. मुनीरने दिलावरचं नाव लिहिलं, हत्यार लिहिलं, आणि खालची चौकट कोरी ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, ती मागून भरतो.

मग मी मनाशी डाव आखला. फासे उघडे तर उघडे, गोष्ट तर माझ्या तोंडात आहे. फासा टाकायची वेळच येऊ दिली नाही म्हणजे झालं. मी त्यांना एका सुखी गावात नेलं. जत्रा आहे, गूळपोळीचा वास येतोय, पाटलाची शेळी हरवली आहे, ती शोधा. वृषालीने मनापासून शेळी शोधली. नवी पद्धत किती छान आहे हे तिला शेळीतही दिसत होतं. मुनीरने पंधरा मिनिटं ती शेळी सहन केली. मग म्हणाला, "गावाबाहेर नदी आहे का?"

"आहे. शांत आहे."

"पूल?"

"आहे. भक्कम दगडी."

"नकाशात तर लाकडी आहे," वृषाली म्हणाली. तिनेच रंगवला होता, पाच वर्षांपूर्वी. लाकडी, मोडका, पलीकडे पहारेकऱ्यांची चौकी. मीच तसा सांगितला होता तेव्हा.

"दिलावर पुलावर जातो," मुनीर म्हणाला.

शेळी पुलाकडे गेलेली नाही, मी म्हणालो. शेळीसाठी जात नाही, तो म्हणाला. पहारेकरी झोपलेत, मी म्हणालो. मग दिलावर त्यांना हाक मारून उठवतो, तो म्हणाला. वृषाली माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत होती. मी पहारेकऱ्यांना सभ्य केलं, त्यांनी दिलावरला नमस्कारसुद्धा केला. त्यावर मुनीरने सरळ पुस्तक उघडलं आणि कोसळणाऱ्या पुलाचं पान माझ्यापुढे सरकवलं. मोडक्या पुलावर पाऊल टाकलं की फासा टाकायचाच, तिथे कथेकऱ्याचं काही चालत नाही. बारा किंवा वर पडलं तर पार. खाली पडलं तर नदी, आणि त्या नदीतून कुणी वर येत नाही असंही मीच कधीकाळी सांगून बसलो होतो.

"फासा दे," त्याने हात पुढे केला. "प्लास्टिकचा नको. हाडाचा."

हाडाचा फासा माझ्याजवळ असायचा. घोडी करून उरलेल्या हाडातून मुनीरनेच पहिल्या वर्षी कोरला होता, वीसही बाजू हाताने घासून. बोर्डाआड मी तोच टाकत आलो होतो. मी खिशात हात घातला, फासा मुठीत धरला आणि मूठ काही बाहेर काढली नाही.

मुनीरने माझ्या खिशाकडे पाहिलं. मग वृषालीला म्हणाला, खाली जाऊन शमशादला चहा टाकायला सांग, आणि येताना कप घेऊनच ये. मी नसताना फासा टाकायचा नाही, असं बजावून ती गेली. जिन्याच्या पायऱ्या वाजायच्या थांबल्या तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"अठरा कुठे गेला, मोऱ्या?"

"कसला अठरा?"

"कारागीर आपल्या मालातली खोट कुणाला सांगत नसतो. आज तुला सांगतो. तो फासा कोरताना तीनच्या बाजूला हाड जड राहिलं. तीन खाली बसतो आणि समोरचा अठरा वर येतो. फार नाही, पण येतो. अकरा वर्षं तू मला अठराने झोडपलंस. दर रविवारी एक तरी अठरा. मला मनात हसू यायचं, माझीच चूक मला चावते म्हणून." त्याने सतरंजीवरचा एक धागा उचलला आणि बोटाला गुंडाळला. "जूनपासून माझ्यावर एकही अठरा पडला नाही. वृषालीवर पडतो. माझ्यावर पडत नाही."

"योगायोग असेल."

"जूनमध्ये माझा तुकडा काढला. तो तुझ्याच लॅबला आला. त्याच्या पुढच्या रविवारपासून."

वर भोपळे टांगलेले होते, ते मोजावेत असं वाटलं. मी म्हणालो, मग सरळ विचारायचं होतंस की लेका, पुस्तक मागवून, वृषालीला पुढे करून, हे सोंग कशाला? तो म्हणाला, सरळ विचारलं असतं तर तू सरळ तोंडाने अल्सर म्हणाला असतास. हसत म्हणाला असतास. पाच महिने बोर्डाआड लपायची तुला सवय झाली होती. आधी बोर्ड हटवायला हवा होता.

"अल्सर नाही ना?"

लेकीची शपथ आठवली. भाभींचा दारातला चेहरा आठवला. खालून कपांचा आवाज येत होता. पाच महिने मी ज्या माणसाला वाचवत होतो असं मला वाटत होतं, त्याला मी खरं तर एकटं टाकलं होतं. एवढा मोठा घोर त्याने रविवार रविवार माझ्यासमोर बसून एकट्याने काढला, आणि मी आपला सहा, सात, चार सांगत होतो. मला स्वतःची किळस आली.

"नाही," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"होळीपर्यंत म्हणतात. पुढे गेलं तर देवाची कृपा."

तो रडला नाही. मान वर करून त्याने टांगलेले भोपळे बघितले, एकेक करून, बाजारात बघावेत तसे. मग एका मोठ्या भोपळ्याकडे बोट केलं. "तो अजून वर्षभर वाळायला हवा. तो आता दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. सांगलीच्या गाणाऱ्या बाईंचा तानपुरा मात्र आधी हातात घ्यायला पाहिजे, त्याचं लाकूड तयार आहे." आणि म्हणाला, "मला कळलंय हे शमशादला कळू देऊ नकोस. मला माहीत नाही, एवढ्या एका आधारावर ती उभी आहे. तुझ्या लेकीला काही होत नाही. शपथ मी उतरवतो."

वृषाली चहा घेऊन आली. आमचे चेहरे पाहून म्हणाली, टाकलात ना फासा मी नसताना? नाही टाकला, मुनीर म्हणाला. मी मूठ बाहेर काढली आणि फासा त्याच्या हातावर ठेवला.

त्याने तो कानाशी हलवला, तारेचा आवाज ऐकावा तसा, आणि सतरंजीवर सोडला. फासा एका सुरकुतीला अडला, कलंडला, थांबला. तिघंही वाकलो. अकरा.

एका आकड्याने गेला. अकरा वर्षांचा दिलावर मोडक्या पुलावरून नदीत पडला आणि मी ते जसं घडलं तसं सांगितलं. फळी कुठली मोडली, पाणी किती गार होतं, सगळं. वृषाली तर रडायलाच लागली. पुलाला बारा जास्त होतात, आपण दहा धरूया, पहिलाच दिवस आहे, म्हणाली. मुनीरने मान हलवली. इतका खूश झालेला त्याला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"दुसरा तक्ता दे," तो तिला म्हणाला. "ही पद्धत मला आवडली."

नव्या तक्त्यावर त्याने नाव लिहायच्या आधी खालची चौकट भरली. 'एक तानपुरा. मोऱ्याच्या लेकीची लहान सतार. जवारी कुणाला तरी शिकवणं.' गोष्टीतल्या माणसाचं लिही की रे, मी म्हणालो. हा सतारवालाच आहे, तो म्हणाला, तिरंदाजी पुष्कळ झाली.

त्यानंतर आम्ही सोळा रविवार खेळलो. सगळे फासे उघड्यावर. मी एकही आकडा फिरवला नाही, फिरवायला जागाच नव्हती. त्याचा सतारवाला तीनदा मरता मरता वाचला, आपल्या नशिबाने वाचला, आणि दर वेळी मुनीर माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. संशयाने माझी नजर जायची ती चौकटीकडे. तानपुरा पुरा झाला, त्यावर रेघ आली. लहान सतारीवर रेघ आली. तिसऱ्यावर अर्धीच.

होळी त्याने पाहिली. गुढीपाडव्याच्या आधी गेला.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. लेकीची सतार घरात आहे. पण मला राहून राहून आठवतो तो त्याच्या चाळिसाव्याचा दिवस. माणसं जेवून गेली, मी आणि वृषाली मागे थांबलो होतो. शमशादभाभी माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "मोरूभाऊ, तुमचे उपकार. शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. सुखाने गेले."

"हो भाभी," मी म्हणालो. "काही कळलं नाही."

बोर्डाआड बसायची सवय कामी आली. डोळे न हलवता म्हणालो.

भाभींनी पदराच्या गाठीतून हाडाचा फासा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "हा तुमच्याजवळच असू द्या. जपून वापरा पण. ह्याचा अठरा जास्त येतो."

अठराची गोष्ट मुनीरने अकरा वर्षांत कुणाजवळ काढली नव्हती. त्या दिवशी माडीवर काढली, माझ्याजवळ. त्यानंतर आणखी कुणाजवळ काढली असेल, तर त्या दिवशी माडीवर घडलेलं बाकीचंही सगळं सांगितलं असणार. मी भाभींकडे पाहिलं. त्या चहाचे कप गोळा करत होत्या, नजर कपांवर. मला एक शब्द विचारता आला असता. जन्मभर दुसऱ्याच्या कव्हरातले पत्ते वाचलेला मी. फासा खिशात घातला, कपांचा ट्रे त्यांच्या हातून घेतला आणि मोरीपर्यंत नेऊन ठेवला.